मुक्काम ठोकायला निघालेले आई-बाबा

सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांना व्हिसासाठी आधी डीएस-१६० नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. दहशतवादी कृत्यं करण्याचा विचार आहे का? घातपात? वंशसंहारात कधी भाग घेतलाय? आई डिंकाचे लाडू वळता वळता फॉर्म भरणाऱ्या भाच्याला सांगते, "सगळ्याला नाही म्हण." बाबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. "हेरगिरीत शेजारच्या कुलकर्ण्यांवर ठेवलेली नजर धरायची का रे?"

खरा हेर इथे 'हो'वर टिचकी मारेल असं मानण्याइतकं अमेरिकेचं सरकार भोळं नाही. उद्या तो सापडलाच, तर खोटं लिहिल्याचा ठपका आयता तयार असतो.

गोम पुढेच आहे. अमेरिकेच्या १९५२च्या स्थलांतर कायद्याचं कलम २१४-बी सांगतं की पाहुणा म्हणून येणारा कायमचा मुक्काम ठोकायलाच येतोय असं धरून चालावं. तसं नाही, हे त्यानं सिद्ध करावं. पाकीटमारालासुद्धा गुन्हा शाबित होईपर्यंत निर्दोष मानतात. आई-बाबांना ती सवलत नाही.

ब्रिटन, जपान वगैरे चाळीसेक देशांचे लोक मात्र घरबसल्या 'एस्टा' नावाचा ऑनलाइन अर्ज भरतात, सुमारे ४० डॉलर मोजतात आणि ९० दिवस हिंडून येतात. आपल्याकडे माणशी १८५ डॉलर, चष्मा काढून फोटो, दहा बोटांचे ठसे आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत खिडकीपुढे उभ्यानं मुलाखत. बाबा सातबारा, एफडीच्या पावत्या, पेन्शनचं पासबुक अशी जाडजूड फाइल नेतात. साहेब चार प्रश्न विचारतो, फाइल उघडतही नाही.

परत येण्याचे खरे पुरावे तर कुणी मागतच नाही. भाद्रपदात घरचा गणपती असतो, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. न्यू जर्सीत मुलगा कामावर गेला की बाबांना ना रिक्षा, ना कट्टा. आईला घासाघीस करायला भाजीवाली नाही. तिसऱ्या आठवड्यातच बाबा विचारतात, "तिकीट अलीकडचं करून मिळेल का रे?"

तरीही नकार आलाच, तर खचू नका. पुन्हा अर्ज करता येतो, नवी फी भरून. जुनी परत मिळत नाही. आई-बाबांचं काय व्हायचं ते होवो, अमेरिकेत कायमचे स्थायिक होतात ते त्यांचे १८५ डॉलर!