चिकटा

आमच्या माळ्यावर रिकाम्या काचेच्या बरण्यांची वसाहत आहे. जॅम, मध, लोणचं, कॉफी अशा सगळ्या घराण्यांच्या बरण्या तिथे गुण्यागोविंदाने नांदतात. ‘चांगली आहे, लागेल कधीतरी’ एवढ्या एका वाक्यावर त्यांना कायमचं नागरिकत्व मिळालेलं. ते ‘कधीतरी’ एके दिवशी मोबाइलवर उगवलं. एका बाईने तीन मिनिटांत जॅमच्या बरणीला असा रंग दिला, की मला माळ्यावर खजिना दिसू लागला.

पहिला दिवस लेबलं काढण्यात गेला. सहा बरण्या कोमट पाण्यात भिजवल्या. कागद निघाला, चिकटा राहिला. मग खोबरेल तेल आणि खायचा सोडा कालवून सहाही बरण्यांना अभ्यंगस्नान घातलं.

“दिवाळीत पोरांना कधी इतकं चोळलं नाहीत,” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फेविकॉलमध्ये खायचा केशरी रंग कालवून लावला. आधी बरणी मसाला दुधाच्या सायीसारखी दिसली. वाळल्यावर फेविकॉलचा पांढरेपणा गेला आणि काच मधासारखी झळकायला लागली. मी खूश. त्या भरात बरणीत पाणी भरून मनीप्लँट लावला. भरताना पाणी बाहेरूनही ओघळलं. सकाळी बरणीने कात टाकली होती. केशरी पापुद्रा टेबलावर, मनीप्लँट जागच्या जागी.

रंगाच्या दुकानदाराने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, भिंत रंग पिते, लाकूड पितं. काच थेंबभर पीत नाही. रंग तिच्यावर नुसता बसतो. मध्ये तेलाचं बोट लागलं, तर बसतही नाही. आधी तेल-बिल लावलं नव्हतं ना?”

मी विषय बदलला.

बाजारातल्या रंगीत बाटल्यांचं गुपित वेगळंच. निळ्या बाटलीत कोबाल्ट आणि हिरवीत लोह वितळत्या काचेतच मिसळलेलं असतं. तिथे रंग लावायचा प्रश्नच नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर छापलेली अक्षरं म्हणजे काचेचीच रंगीत पूड. ती सुमारे ६०० अंशांना भाजून काचेशी एकजीव करतात. आमचा ओव्हन नानकटाईच्या पुढे गेलेला नाही.

तरी तेलाचा इनॅमल रंग आणला. बरण्या स्पिरिटने पुसल्या. दुकानदाराने पातळ दोन हात सांगितले होते. मी जाड एकच दिला. ओघळ आले. त्यांना मी नक्षी म्हणालो. बाहेरूनच रंगवल्या होत्या, त्यामुळे आत साखर-मीठ भरायला हरकत नव्हती. बरण्या फडताळात लागल्या.

चौथ्या दिवशी पाहुण्यांचा चहा खारट झाला. काचेच्या बरणीचा एकच गुण, आत काय आहे ते दिसतं. तोच मी तीन दिवस खपून घालवला होता. बायकोने काही न बोलता ‘साखर’, ‘मीठ’, ‘रवा’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. म्हणजे बरण्यांना पुन्हा लेबलं लागली.

महिनाभराने ‘मीठ’ची चिठ्ठी कडेला उचकटलेली दिसली. ओढली, तर तिच्यासकट तळहाताएवढा रंग निघून आला.

खाली जॅमच्या लेबलाचा चिकटा तसाच होता.