नाद खुळा, प्राडा!

जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल चालवली, तीही कोल्हापूरचं नाव न घेता, आणि आपली अस्मिता खाडकन जागी झाली. कोल्हापुरीला 2019 पासून जीआय मानांकन आहे, हेही अनेकांना त्याच दिवशी कळलं. (त्यात कर्नाटकातले चार जिल्हेही येतात, हा मजकूर मात्र फारसा फॉरवर्ड झाला नाही.)

‘नाद करायचा नाय’ म्हणत प्राडाला झोडपणारे आमचे शेजारी परवा कोल्हापुरात चप्पल लाईनीत शिरले. पायात परदेशी स्नीकर. वेणी, अंगठा, कान चाचपले, करकर वाजते का ते चार पावलं चालून पाहिलं आणि बाराशेचा जोड सातशेला मागितला.

“हाताचं काम हाय, सायेब.”

“बरं, साडेसातशे. पण पिशवी चांगली द्या.”