ते रूटवर आहे

व्हॉट्सॲपच्या डीपीत दातांखाली मेडल धरून हसणारा माणूस तुमच्या ओळखीत आहे. नाही म्हणू नका. पन्नाशीपर्यंत तो कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायलाही स्कूटर काढायचा. मग शुगरचा रिपोर्ट हातात पडला, डॉक्टर म्हणाले रोज चाला, आणि यानं ऐकलं पळा. आता तो पहाटे साडेचारला उठतो, रात्री साडेनऊला जांभया देऊन पाहुण्यांना घालवतो आणि लग्नाच्या पंगतीत जिलबीकडे बघून ‘उद्या लाँग रन आहे’ एवढंच म्हणतो. यावरून तो जिलबी खाणार की नाही हे वाढप्याला कळत नाही. खातो. चार.

माझे भावोजी या जमातीतले. बँकेतून निवृत्त. आधी पुण्यातली अर्धी, मग जानेवारीतली मुंबईची पूर्ण, मग साताऱ्याला यवतेश्वरचा घाट. इथवर घरच्यांना उपद्रव बेताचा होता. पहाटे गाडीत झोपायचं, दुपारी कंदी पेढे घेऊन परतायचं. पण मग त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी ‘मेजर्स’ काढल्या, म्हणजे जगातल्या मोठ्या मॅरेथॉन. टोकियो, बोस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क, आणि 2025 पासून सिडनी. भावोजींनी बर्लिनच्या सोडतीत नाव घातलं, आणि ज्यांना उभ्या जन्मात म्हाडाची सोडत लागली नाही त्यांना ही लागली.

ताईला वाटलं, नवरा आपल्याला बर्लिन दाखवायला नेतोय. ताई शाळेत इतिहास शिकवायची. 1961 साली एका रात्रीत शहराच्या मधून काटेरी तारा ओढल्या, मग भिंत उभी राहिली, 1989 मध्ये ती पडली, हे सगळं तिनं मुलांना दोन मार्कांची टीप म्हणून लिहून घ्यायला लावलं होतं. आता ते डोळ्यांनी दिसणार होतं. तिनं शंभर पानी वही केली, प्रत्येक ठिकाणाला एक पान. ‘हे पळतील तेव्हा मला सोबत हवी’ म्हणून मलाही बरोबर घेतलं. भावोजींनी वही चाळली, चष्मा कपाळावर सरकवला आणि समाधानानं म्हणाले, “अगं, यातलं बरंचसं रूटवर आहे.”

मला तेव्हा ते वाक्य निरुपद्रवी वाटलं.

बर्लिन मॅरेथॉन सप्टेंबरच्या उत्तरार्धातल्या एका रविवारी असते. आम्ही बुधवारी पोहोचलो. म्हणजे मधले दिवस फिरायला मोकळे, असा कुणीही शहाणा माणूस हिशेब करेल. मॅरेथॉनवाल्यांचं पंचांग वेगळं असतं. शर्यतीआधी पाय वाचवायचे असतात. किती वाचवायचे? तर गुरुवारी सकाळी ताई म्हणाली, “अहो, ब्रांडेनबुर्ग गेट बघून येऊ.”

“रूटवर आहे. त्याच्या खालून गेलं की समोर फिनिश. आधी बघून मजा घालवू का?”

“तो सोनेरी देवीचा विजयस्तंभ?”

“पहिल्याच किलोमीटरला. वर चढायला 285 पायऱ्या आहेत, तेव्हा तो खालूनच चांगला.”

“कैसर विल्हेल्म चर्च?”

“पस्तिसाव्याच्या आसपास.”

“शोनेबर्गचा टाउन हॉल? 1963 मध्ये केनेडींनी तिथं भाषण केलं होतं.”

“अर्ध्याच्या थोडंसं पुढे,” भावोजींचा चेहरा उजळला. “तिथं मला एनर्जी जेल घ्यायचंय.”

जे रूटवर नव्हतं त्याचीही सोय होती. टीव्ही टॉवर? तो 368 मीटर उंच आहे, खिडकीतून दिसतो. इजिप्तची राणी नेफरतिती? ती म्युझियममध्ये आहे आणि म्युझियममध्ये उभं राहावं लागतं. उभं राहणं पायांना पळण्यापेक्षा वाईट. शिवाय ती तीन हजारांहून जास्त वर्षं थांबली आहे, अजून थोडी थांबेल. पर्गमॉन म्युझियम दुरुस्तीसाठी ऑक्टोबर 2023 पासून बंद आहे हे कळल्यावर तर त्यांनी ताईच्या वहीतलं ते पान स्वतःच्या पेनानं खोडलं. मुलाचा एक पेपर पुढे ढकलला गेल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

या पाय वाचवण्याला एक अपवाद असतो, त्याचं नाव एक्स्पो. शर्यतीचा नंबर घ्यायला तिथं जावंच लागतं. आमच्या वेळी तो टेम्पलहोफला होता. हा जुना विमानतळ. 1948 मध्ये रशियनांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे बंद केली तेव्हा इथं दिवसरात्र विमानं उतरत, कोळसा आणि पीठ घेऊन. जवळजवळ वर्षभर एक अख्खं शहर आकाशातून जेवत होतं. ताई बाहेरच्या स्मारकापाशी पदराला हात लावून उभी राहिली. आत भावोजी मोज्यांपाशी उभे होते. मोज्यांपासून जेलपर्यंत, जेलपासून बुटांपर्यंत, तिथून मागच्या वर्षीच्या सवलतीतल्या जाकिटांपर्यंत, आणि जाकिटं बघून झाल्यावर पुन्हा मोज्यांपाशी. चार तास. घड्याळानं अकरा किलोमीटर दाखवले. मी विचारलं, “भावोजी, पाय?” ते म्हणाले, “एक्स्पोतलं चालणं पायांना लागत नाही.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

राइशस्टागच्या घुमटाची नोंदणी ताईनं पुण्यातूनच करून ठेवली होती. फुकट असते, पण नावं आधी कळवावी लागतात आणि पासपोर्ट न्यावा लागतो. भावोजी आले, कारण छतापर्यंत लिफ्ट आहे. तिथून पुढे नॉर्मन फॉस्टरनं बांधलेला काचेचा घुमट, 1999 मध्ये खुला झालेला. आतून चक्राकार चढण वर जाते आणि पायांखाली, काचेतून, संसदेचं सभागृह दिसतं. लोकप्रतिनिधी खाली, लोक वर. भावोजींनी दारातून चढाकडे पाहिलं आणि विचारलं, “एलिव्हेशन किती?” माहिती सांगणाऱ्या यंत्रात याचं उत्तर नव्हतं. ते बाहेर गच्चीवर थांबले. ताई आणि मी वर गेलो. तिनं मला 1933 ची आग सांगितली, युद्धानंतरची पडझड सांगितली, आणि बोलता बोलता थांबली, कारण काचेपलीकडे गच्चीच्या कठड्याला दोन्ही हात लावून, एक पाय मागे ताणून, तिचा नवरा पोटऱ्या मोकळ्या करत होता. जणू इमारत पश्चिमेकडे थोडी सरकवायची होती.

खाण्याबद्दल थोडक्यात. शर्यतीच्या आठवड्यात पोटाला नवीन काही दाखवायचं नाही, असा नियम आहे. म्हणून हॉटेलच्या केटलमधल्या पाण्यात पोहे भिजत होते, आणि मेतकुटाचा वास तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडताच येत होता.

शनिवारी रात्री पलंगावर टी-शर्ट, चड्डी, मोजे, बूट आणि नंबर माणसाच्या आकारात मांडले गेले. त्यांचा फोटो ग्रुपवर गेला. पलंगावर तो कपड्यांचा माणूस झोपला असल्यामुळे खरा माणूस बराच वेळ खुर्चीत बसून होता.

आता रविवार. भावोजी पळाले आणि बर्लिन पाहिलं ताईनं. शर्यत पाहणाऱ्यांचं तिथं एक शास्त्र आहे: रस्ते बंद असतात, पण जमिनीखालची यू-बान चालू असते, तेव्हा फोनवर आपला माणूस कुठे आहे ते बघत स्टेशनं बदलत राहायचं. आम्ही श्ट्राउसबर्गर प्लाट्झला वर आलो, तर पुढ्यात कार्ल मार्क्स ॲली. पूर्व जर्मनीनं कामगारांसाठी उठवलेले ते महाल बघायला ताईला चाळीस मिनिटं मिळाली आणि नवरा बघायला चार सेकंद. ते घड्याळाकडे बघत होते. हेरमानप्लाट्झला आम्ही तुर्की ब्रेड खाल्ला. ते जमिनीकडे बघत होते. बर्लिनच्या रस्त्यावर शर्यतीसाठी एक निळी रेघ रंगवतात, सगळ्यात जवळचा मार्ग दाखवणारी. एवढे अधिकृत किलोमीटर मोजूनमापून दिलेले असताना एक मीटर जास्त का पळायचं, असा त्यांचा बँकेतला बाणा, म्हणून नजर रेघेवर. केनेडींच्या टाउन हॉलपाशी खरोखरच त्यांनी जेल घेतलं. मान खाली घालूनच.

कैसर विल्हेल्म चर्चचा मनोरा 1943 च्या बॉम्बहल्ल्यात वरून तुटला, तो तसाच ठेवला आहे. पस्तिसाव्या किलोमीटरपाशी तो आणि भावोजी एका चौकटीत आले. फोटो मी काढला आहे. दुरुस्ती कुणाला आधी हवी, हे त्यावरून ठरवणं अवघड जातं.

2022 मध्ये याच रस्त्यांवर धावपटू किपचोगेनं 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला. भावोजींना ही आकडेवारी आजोबांच्या तिथीसारखी पाठ आहे. त्यांची स्वतःची वेळ पावणेसहा तासांच्या आसपास आहे. अशा वेळेची मॅरेथॉन टीव्हीवर दाखवत नाहीत. पॉट्सडामर प्लाट्झला आम्ही त्यांची वाट बघत होतो तेव्हा पाण्याची टेबलं मिटायला लागली होती. झाडूवाले कपांचा खच लोटत होते. बरेच लोक घरी गेले होते, आणि राहिलेल्यांच्या समोरून आता कुणी पळत नव्हतं. कुणी लंगडत होतं, कुणी एका अंगाला कललं होतं, एक बाई रडत रडत चालत होती आणि थांबत नव्हती. भावोजी आले. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा या माणसासाठी ओरडलो, आणि माझा आवाज दोन दिवस बसला होता.

संध्याकाळी पलंगावर आडवे पडून, पाय भिंतीवर टेकवून ते म्हणाले, “अरे, इथे नंबराच्या कागदावर नाव छापतात.”

“हो, बघितलं.”

“लोक ते वाचून ओरडतात. उच्चार चुकवत होते, पण ओरडत होते. लहान पोरंसुद्धा. पार शेवटपर्यंत.” मग थोडं थांबून, “बँकेत सगळे साहेब म्हणायचे. तुझी ताई अहो म्हणते. आई गेल्यापासून मला नावानं हाक कोण मारतं?”

ताई केटलमध्ये पाणी घालत होती. ती काही बोलली नाही. मीही नाही. मी त्यांना भावोजीच म्हणतो, त्यात बदल होण्यासारखा नाही. पण बाकीच्या मेजर्सचा खर्च ते कुठून काढणार, हा प्रश्न मी त्यानंतर जाहीरपणे विचारणं सोडलं.

सोमवारी अर्थातच पाय गेले होते. मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी माणूस चढू शकतो, उतरू शकत नाही. यू-बानच्या जिन्यावर गळ्यात मेडल घातलेले प्रौढ लोक कठडा धरून उलटे उतरत होते, आणि एकमेकांकडे बघून मान डोलवत होते. भावोजीही त्या वारीत सामील. पण बाहेर पडले, हे खरं. ताईची वही काखेत घेऊन, पानं उलटत, जे जे दाखवशील ते बघतो म्हणाले. विजयस्तंभासमोर ते एक मिनिट उभे राहिले आणि नऊ मिनिटं बाकावर बसले.

ब्रांडेनबुर्ग गेटच्या मागे डांबरात दगडांची एक जोडरांग बसवलेली आहे. शहराच्या मधल्या भागातून ती जाते. भिंत जिथं होती, तिथं. भावोजींना ती ओलांडायला पाय उचलणं जड गेलं, म्हणून ते थांबले आणि पहिल्यांदाच खाली नीट बघून म्हणाले, “हे काय आहे?” ताईनं सांगितलं. या रेघेपायी 28 वर्षं लोक पलीकडे जाऊ शकत नव्हते. जाऊ पाहणाऱ्यांतले कित्येक गोळी लागून मेले. भिंत पडल्यानंतरच्या सप्टेंबरात, 1990 साली, दोन्ही जर्मनी एक व्हायला तीनच दिवस उरले असताना, ही मॅरेथॉन पहिल्यांदा या गेटखालून धावली, आणि इथं पोहोचल्यावर पळणारे रडत होते. ते वेळेसाठी रडत नव्हते.

भावोजींनी मागे वळून रांग कुठवर जाते ते पाहिलं. मग विचारलं, “हे रूटवर होतं?”

“होतं,” ताई म्हणाली. “स्प्री नदीपाशी तुम्ही पूर्वेत गेलात. क्रॉइत्सबर्गला पश्चिमेत आलात. पॉट्सडामर प्लाट्झला परत पूर्वेत, आणि इथून पश्चिमेत. चार वेळा ओलांडलीत.”

“मला कसं दिसलं नाही?”

“तुम्ही निळी रेघ बघत होता.”

एरवी भावोजींकडे यावर उत्तर असतं. त्या दिवशी नव्हतं. त्यांनी फोन काढला, पळण्याच्या स्ट्रावा ॲपवरचा आदल्या दिवशीचा नकाशा उघडला आणि ताईपुढे धरला: दाखव कुठे कुठे. मग त्या दोघांनी भर रस्त्यात, मागच्या सायकलवाल्यांच्या शिव्या खात, नकाशावर चार ठिपके दिले. त्यांना तिथून ओढून मला बाजूला घ्यावं लागलं.

मंगळवारी पहाटे आमचं परतीचं विमान होतं, नेफरतिती आणि भिंतीचे राहिलेले तुकडे वहीतच राहिले, आणि ताई अजून ते बोलून दाखवते. तेव्हा ज्यांच्या घरात असा डीपी आहे त्यांना कळकळीची विनंती: शर्यतीआधी पोहोचायची घाई करू नका, परतीचं तिकीट शर्यतीनंतर चार-पाच दिवसांचं काढा, सोमवारी जिने असलेलं काही ठरवू नका, आणि हॉटेल लिफ्टचंच घ्या.