मॅथ्यू मरतो की नाही?

गिल्बर्ट ब्लाइथच्या डोक्यात पाटी फुटायलाच हवी. ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’वर सिनेमा काढा, मालिका काढा, कार्टून काढा, पण लाल केसांवरून ‘गाजर’ म्हणून चिडवणाऱ्या त्या पोराला अ‍ॅनच्या पाटीचा प्रसाद मिळालाच पाहिजे. भक्तमंडळींचं एवढ्यावर एकमत आहे. त्यापुढे सगळी यादवी.

लूसी मॉड माँटगोमेरींची ही कादंबरी १९०८ सालची. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर राहणारी मॅथ्यू आणि मरिला ही अविवाहित भावंडं शेतीच्या मदतीला अनाथाश्रमातून मुलगा मागवतात आणि येते अकरा वर्षांची, अखंड बोलणारी अ‍ॅन. २०१७ मध्ये सीबीसी आणि नेटफ्लिक्सने तिला नव्याने पडद्यावर आणलं, ‘अ‍ॅन विथ अ‍ॅन ई’ या नावाने. लेखिका मोइरा वॉली-बेकेट, म्हणजे ‘ब्रेकिंग बॅड’च्या लेखकांपैकी एक. घराची किल्ली अशा बाईंच्या हाती गेल्यावर चेरीच्या मोहोरासोबत थोडा काळोखही आत येणार, हे उघडच होतं.

आणि तो आला. पुस्तकात मरिलाची जांभळ्या खड्यांची पिन हरवते, आळ अ‍ॅनवर येतो, आणि शिक्षा काय, तर सहलीला जायचं नाही. सहलीला आइस्क्रीम असल्यामुळे ती शिक्षा भयंकरच आहे म्हणा! मालिकेत मात्र त्याच पिनेपायी पोरीची थेट अनाथाश्रमात रवानगी होते आणि तिला परत आणायला मॅथ्यूची धावाधाव. ‘हे आमच्या अ‍ॅनचं घर नव्हे,’ असं म्हणत निम्मे प्रेक्षक उठले. उरलेले निम्मे डोळे पुसत पुढचा भाग लावत होते.

उठून गेलेल्यांच्या हातात १९८५ची मालिका होती. केव्हिन सुलिव्हनची, मेगन फॉलोजची. अ‍ॅन असावी तर अशी, मूळ पुस्तकाबरहुकूम! आता ती मालिका गोड आहे यात वाद नाही. पण बरहुकूम? पुस्तकात मॅथ्यू घराच्या दारात कोसळतो, हातात बँक बुडाल्याची बातमी असलेलं वर्तमानपत्र. सुलिव्हनने त्याला कुरणात नेऊन अ‍ॅनच्या कुशीत मरण दिलं. तेव्हा कोणी फारसं रागावल्याचं आठवत नाही. आपल्या आईची आमटी हीच खरी आमटी असते. तिने त्यात मुळात काय बदललं, हे आजीलाच ठाऊक.

इथे आजी म्हणजे खुद्द माँटगोमेरी. १९१९ मध्ये अ‍ॅनवर पहिला मूकपट निघाला. अमेरिकन मंडळींनी कथा उचलून आपल्या देशात नेली आणि अ‍ॅनच्या शिक्षणसंस्थेवर चक्क अमेरिकेचा झेंडा फडकवला. बाई संतापल्या. म्हणजे अ‍ॅनच्या नाराज प्रेक्षकांची परंपरा शंभर वर्षांची, आणि तिचा मूळपुरुष खुद्द लेखिकाच.

आपणही यातून सुटलेलो नाही. त्याच २०१७ मध्ये भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अमेय वाघच्या रूपाने सिनेमात आला. फुरसुंगीचा तो हडकुळा शाळकरी पोरगा एकदम मेडिकलच्या परीक्षेच्या वयाचा झालेला पाहून माझ्या पिढीतल्या कित्येकांचा चेहरा पडला. आमचा फेणे दूरदर्शनवरचा, सुमीत राघवनचा. त्याआधीचे लोक आमच्याकडे दयेने पाहायचे, कारण त्यांचा फेणे फक्त छापील होता.

पण काळोखाच्या तक्रारीत एक गंमत आहे. काळोख पुस्तकात आहेच. अ‍ॅनच्या आधीच्या घरी दारुडा थॉमस होता, त्यानंतर हॅमंडबाई आणि त्यांची तीन जुळी. ती माणसं तुझ्याशी बरी वागायची का, असं मरिला विचारते, तेव्हा ही बडबडी पोर लाल होते, अडखळते. त्यांच्या मनात चांगलंच असायचं, एवढंच सांगते. मरिला काय समजायचं ते समजते आणि पुढे विचारत नाही. मालिका पुढे विचारते आणि मारहाण दाखवते. मला विचाराल तर मरिलाचं गप्प बसणं मला जास्त भावतं.

तरी निष्ठुर कोण, हे मात्र पुन्हा तपासावं लागेल. इतक्या काळोखाच्या मालिकेने मॅथ्यूच्या हाती बंदूक दिली, त्याचं काळीज बंद पडायला आणलं, आणि शेवटी सत्तावीसच्या सत्तावीस भाग त्याला जिवंत ठेवला! त्याला मारलं ते आपल्या सोज्ज्वळ, फुलाफुलांच्या पुस्तकानेच. मालिकेचा खरा गुन्हा वेगळाच आहे. तिसऱ्या पर्वात काक्वेट नावाची मिकमाक मुलगी आणली, तिला आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत डांबलं, आणि २०१९ मध्ये मालिकाच बंद झाली. पोर अडकली ती अडकलीच. चाहत्यांनी पदरमोड करून जाहिरातींचे फलक लावले, तरी दार उघडलं नाही.

माझी भाची नव्या मालिकेच्या, तिच्यातल्या बॅश आणि कोलच्या बाजूची. तिला मी कौतुकाने पुस्तक दिलं. वाचून झाल्यावर तिने ते माझ्यापुढे आपटलं.

‘मावशी, यात बॅश नाहीये. कोलपण नाही. आणि मॅथ्यूला मारलाय!’

मी म्हटलं, ‘अगं, पुस्तक आधीचं आहे. १९०८चं.’

‘असू दे ना. पण मूळ गोष्टीत इतके बदल कशाला करायचे?’