आमचं अर्थखातं

रेपो दर किती असावा याबद्दल माझं मत पक्कं आहे. रिझर्व्ह बँकेनं ते अजून मागवलेलं नाही, हा तिचा प्रश्न. डिसेंबर 2025मध्ये दर सव्वापाच टक्क्यांवर आला, तेव्हा नंदुरबारच्या बाजार समितीबाहेरच्या टपरीवर मी चहाचा घोट घेऊन ‘उशीर केला’ एवढंच म्हणालो. कमी बोलणाऱ्याला जास्त कळतं, असा आमच्याकडे समज आहे. तो टिकवायचा म्हणून पतधोरणाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्रम्पसाहेबांनी भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हाही त्यांना मी याच टपरीवरून समज दिली होती. श्रोते नेहमीचेच: आबा, नाना, एक निवृत्त ग्रामसेवक आणि बिस्किटाच्या आशेनं बसलेला कुत्रा. पुढे 22 सप्टेंबरपासून बिस्किटावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5वर आला. कुत्र्याच्या वाट्यात तसूभरही फरक पडला नाही. करकपातीचा फायदा शेवटच्या घटकापर्यंत पोचतो का, यावर चर्चासत्रं भरवणाऱ्यांनी एकदा आमच्या टपरीवर यावं.

माझ्या या अधिकारवाणीला थोडा आधार जिल्ह्याचाही आहे. लोकसभेच्या यादीत राज्यातला मतदारसंघ क्रमांक 1 म्हणजे नंदुरबार, विधानसभेच्या यादीत क्रमांक 1 अक्कलकुवा. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच टेंभलीत दिलं गेलं, खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. यादी वरून वाचली तर आम्ही पहिले. विकासाची यादी मात्र आम्ही खालून वाचतो, म्हणजे तिथेही वरच लागतो. नीती आयोगानं आम्हाला ‘आकांक्षित जिल्हा’ म्हटलं आहे. आकांक्षेचं म्हणाल, तर ती एकट्या माझ्याकडेच जिल्ह्याला पुरून उरेल इतकी आहे.

शिवाय मी सीमेवरचा माणूस. दिल्ली-मुंबईचे तज्ज्ञ करप्रणाली पुस्तकात वाचतात, आम्ही ती टाकीत भरतो. पेट्रोल जीएसटीच्या बाहेर, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, त्यामुळे गुजरातेत ते लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त. म्हणून निझरकडे किंवा उच्छलकडे काही काम निघालं की आमच्या गाड्यांना हटकून तहान लागते. काम निघत नसेल तर काढावं लागतं. मग तिथवर गेलोच आहोत तर गरम फाफडा, घरच्यांसाठी पावशेर बांधून, वर एक चहा. परतताना वाचलेल्या पैशांचा हिशोब मोठ्यानं सांगायचा आणि फाफड्याचा मनात ठेवायचा. सरकारी अंदाजपत्रकातही अशी सोय असतेच.

उलट दिशेची वाहतूकही आहे. गुजरातेत स्थापनेपासून दारूबंदी, त्यामुळे तिकडच्या काही सज्जनांनाही आमच्याकडे काम निघतं. आम्ही पेट्रोल आणायला जातो, ते दुसरं द्रव प्यायला येतात. दोन्ही राज्यांच्या तिजोऱ्यांचं असं भागतं आणि सीमेवर दोघे एकमेकांकडे बघून कायदा पाळणाऱ्या नागरिकासारखे हसतात.

आता सीमेचा विषय निघालाच आहे, तर नवापूर स्टेशनाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. पाहुणा आला की आबा आधी माझ्याकडे बघून ‘हा नवापूर सांगेल हं’ असं बजावतात, तरी मी सांगतोच. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. 1 मे 1960 रोजी राज्यं वेगळी झाली, पण फलाटाला कुणी विचारलं नाही. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशनमास्तर त्यांच्याकडे. म्हणजे पैसे महाराष्ट्रात द्यायचे आणि गाडी उशिरा का, हे गुजरातेत जाऊन विचारायचं. उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते, तेव्हा गाडी उशिरा असल्याचं दुःखही चौपट होतं. फलाटावर एक बाकडं आहे. त्याच्या मधोमध सीमा रंगवलेली, एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. तरुण मंडळी त्यावर बसून फोटो काढतात. मी बसलो की अर्थशास्त्र सुचतं. डावी मांडी एका राज्यात, उजवी दुसऱ्यात. खिशातलं पाकीट उजवीकडे, म्हणजे माझी क्रयशक्ती कुणाच्या सकल उत्पन्नात धरायची? वेफर्स घेतले एका राज्यात, खाल्ले दुसऱ्यात, तर जीएसटी कोणता, राज्यांतर्गत की आंतरराज्य? एका करसल्लागाराला मी हे गंभीरपणे विचारलं होतं. तेव्हापासून तो मला दुरून नमस्कार करतो. माझ्या मते जीएसटी परिषदेची एक बैठक या बाकड्यावर व्हायला हवी. केंद्र-राज्य संबंधांतला अवघडलेपणा त्यांना बसल्या जागी कळेल.

असा मी बहरात आलो की नाना मध्येच विचारतात, ‘ते बठ्ठं खरं भाऊ, पन आज ओल्या मिरचीले काय भाव निघना?’

हा प्रश्न मला आवडत नाही. समोर बाजार समितीत लिलाव चाललेला असतो. ट्रॅक्टरवर लालभडक ढीग, व्यापारी मूठभर मिरची उचलतो, चुरगाळतो, ओल बघतो, बोली लावतो. हीच मिरची मग गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर अंथरली जाते. त्या वेळी अवकाळी पाऊस आला की लाल माल पांढुरका पडतो आणि कुणाचं तरी वर्ष जातं. नानांचा पुतण्या तिकडे ढगांकडे बघत उभा असतो आणि मी इकडे शिकागोच्या वायदेबाजाराचं सांगत असतो. शहाद्याची पपईवाली मंडळी तर याहून तिखट. दर किलोला किती, यावर तिथे शेतकरी आणि व्यापारी यांच्या बैठकांवर बैठका होतात, दर ठरतो, आणि तो दुसऱ्या दिवशी मिळेलच याची खात्री नसते. त्यांना मी एकदा मागणी-पुरवठ्याचा आलेख काढून दाखवला. त्यांनी त्यावर पपई कापली.

एका गोष्टीवर मात्र आमची टपरी गप्प असते, आणि त्याचाच मला अलीकडे राग येतो. दिवाळी आटोपली की धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून माणसं भरलेले ट्रक-टेम्पो खाली उतरतात. गाठोडी, भांडी, कोंबड्या, आणि दोन गाठोड्यांच्या फटीत झोपलेलं पोर. ऊसतोडीला, बांधकामाला, गुजरातेत किंवा नगर-सांगलीकडे. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच संपलेली असते, आता ती कोयत्यानं फेडायची. पेट्रोलचा फरक आम्हाला पैशापर्यंत पाठ, पण एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, यंदा काय उचल मिळाली, हे आमच्यातल्या एकालाही सांगता येत नाही. त्या पोराची शाळा या चार-पाच महिन्यांत कुठे भरते, तेही नाही. टेम्पो जातो, आम्ही धुरासाठी नाक दाबतो आणि पुन्हा विकासदराकडे वळतो. साडेसहा की सात, यावर मात्र हातघाईवर येतो.

ही माणसं होळीला परततात. कुठेही असोत, येतातच. होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल वाजतात, डाळ्या, गूळ, खजूर, घुंगरू, नवं लुगडं यांची खरेदी होते. मग काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर नाच. देशाची अर्थव्यवस्था कशी चालली आहे, हे मला तिथे एका चांदीवाल्यानं दोन वाक्यांत सांगितलं होतं. लोक नवीन घडवून घेत असतील तर ऊस बरा गेला, म्हणाला. जुनी चांदी मोडायला आणत असतील तर उचलच फिटलेली नाही. शेअर बाजाराच्या निर्देशांकानं इतकं सरळ बोलल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

तेव्हा माझी केंद्र सरकारला नम्र सूचना आहे. अर्थसंकल्प पूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस असायचा, 2017पासून तो 1 तारखेला आणला. म्हणजे तारीख हलवता येते. ती आता थोडी पुढे, भोंगऱ्यानंतर न्यावी, आणि अर्थमंत्र्यांनी भाषण लिहिण्याआधी त्या चांदीवाल्याशेजारी दुपारभर बसावं. मलाही बोलावलं तर येईन. पेट्रोल निझरहून भरेन, प्रवासभत्ता मात्र महाराष्ट्राच्या दरानं लावेन.