हद्दबाई, कुठवर आलात?

आदरणीय हद्दबाई,
मु. अमरावती, कधीमधी अकोला, यांस सा. न. वि. वि.

पत्ता अंदाजानंच घातला आहे. पोस्टमनला सापडलात तर उलटटपाली कळवा.

पूर्वी तुमचा ठावठिकाणा सोपा होता. 1807 साली पेंढाऱ्यांच्या धास्तीनं निजाम सरकारनं अमरावतीच्या सावकारांभोवती परकोट बांधायला घेतला, तेव्हा तुम्ही दगडी, उंच आणि खमक्या होतात. जवाहर गेटपाशी तो अवतार अजून दिसतो. आत शहर, बाहेर रान. नकाशा उलगडायची गरज नव्हती. पुढे 1983 ला महापालिका झाली, तेव्हा बडनेऱ्याला कडेवर घेऊन ज्या बसलात त्या बसलातच. शहर मात्र तुमच्या डोक्यावरून उडी मारून कधीच पुढे गेलं.

त्या उडीत मीही होतो. 2004 साली दलालानं मोटारसायकल धुऱ्यावर उभी केली, हात लांब करून शहराकडे दाखवलं आणि म्हणाला, "गुरुजी, हद्द इकडंच येऊन राह्यली. पाच साल थांबा फक्त." शेतात लेआऊट पडलं होतं : चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांना चार दगड आणि कागदावर बगीचा. बगीच्यात हल्ली म्हशी बसतात. पावसाळ्यात तिथं जायचं म्हणजे एक चप्पल काळ्या मातीला देऊन यायचं. तुकडेबंदीमुळे गुंठ्याचा वेगळा सातबारा निघेना, म्हणून आम्ही चौसष्ट जण एकाच शेताचे सामाईक मालक आहोत. एवढे भाऊबंद कौरवांच्या खालोखाल आमच्यातच.

प्लॉटला लागून एका शेतकऱ्याची तूर आहे. त्याची लेक अकोल्याला मलकापुरात दिलेली. तिथं 2016 साली तुम्ही एका दमात 24 गावं पदराखाली घेतलीत आणि शहर चौपटीहून मोठं केलंत. लेक चुलीपुढून उठलीसुद्धा नाही आणि शहरात गेली. बाप म्हणतो, "गुरुजी, धुऱ्याचा दगड वीतभर सरकला तं आमी तीन पिढ्या कोर्टात जातो. तुमची हद्द कोसभर सरकली, कोनाले काई पत्ता?"

तुमची एक बहीण अमेरिकेत, ऑरेगन राज्यात असते. 1973 च्या कायद्यानं तिला तिथं शहराशहराभोवती बसवलं. वीस वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जमीन आत घ्यायची, बाहेर शेती. त्या हिशेबाचा एवढा गुंता झाला की 2013 मध्ये तो सोपा करायला नवा कायदा आणावा लागला. बिचारे! वऱ्हाडात येऊन पाहिलं असतं तर खर्च वाचला असता. आमच्याकडे 1966 च्या नगररचना कायद्याखालचे आराखडेही वीसेक वर्षांचे असतात, पण डोकी मोजलेली शेवटची जनगणना 2011 ची. 2021 ची झालीच नाही, त्यामुळे बेरीज चुकायची भीती नाही. शिवाय आमचा क्रम सुटसुटीत : आधी लेआऊट, मग प्लॉट, मग विजेचा खांब, मग टँकर, आणि सगळ्यांत शेवटी, जमलं तर, तुम्ही. तुम्हालाही उशीर झालाच, तर गुंठेवारीचा कायदा आहे. 2001 मध्ये त्यानं 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या गुंठ्यांना पोटात घेतलं; 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 झाली. आम्हा 2004 वाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. तारीख सरकवायला मोजणीची साखळीसुद्धा लागत नाही.

आता एक खासगीतली गोष्ट. मला त्या प्लॉटवर राहायचं नाही. माझं घर राजापेठेत आहे आणि मुलगा पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरतो. चौसष्टांपैकी घर बांधलं दोघांनी, उरलेल्या बासष्ट प्लॉटांवर गाजरगवत. आराखड्यात जमिनीची गरज माणसं मोजून काढतात, आणि जमीन घेऊन ठेवतो आम्ही, ज्यांना आधीच घर आहे. ज्याला खरंच घर हवं, तो भाड्याच्या खोलीत भाव ऐकून गप्प बसतो. नकाशातल्या रहिवासी पिवळ्या रंगात आम्ही दोघं एकच दिसतो.

तरी स्वार्थ सुटत नाही. माझ्या प्लॉटपर्यंत या, बाई, आणि तिथं पक्क्या बसा. पुढं तूर आहे, तिला हात लावू नका. परवा गेलो होतो, तेव्हा तुरीच्या धुऱ्यावर एक मोटारसायकल उभी होती आणि एक जण हात लांब करून कुणाला तरी माझा प्लॉट दाखवत होता.

आपला,
प्लॉट क्र. 47