कायमचं गिऱ्हाईक

पुण्यातल्या स्पोकन इंग्लिशच्या कुठल्याही वर्गात एक काका असतातच. पन्नाशी उलटलेली, खिशाला पेन, खाली डबल स्टँडवर लावलेली जुनी स्कूटर. बाईंनी ‘कार शोरूम’ हा प्रसंग देऊन चिठ्ठ्या टाकल्या, की काकांना गिऱ्हाईकच व्हायचं असतं. विक्रेत्याची चिठ्ठी आली, तर ते शेजारच्याशी बदलून घेतात.

समोर विक्रेती म्हणून असते आयटीतल्या मुलाखतीची तयारी करणारी एखादी मुलगी. तिचं ‘हाऊ मे आय हेल्प यू, सर’ संपायच्या आत काका सुरू होतात. ‘ॲव्हरेज हाऊ मच?’ ती आकडा सांगते. ‘दॅट इज कंपनी फिगर. इन पुणे ट्रॅफिक?’

व्याकरण काकांच्या वाटेला जात नाही, काका व्याकरणाच्या. पण एक्स-शोरूम, ऑन-रोड, आरटीओ, विमा यांत जीभ कुठे अडत नाही. हँडलिंग चार्जेस म्हटलं, की ते ताठ होतात. ‘आय विल हँडल मायसेल्फ.’

मुलगी बिचारी म्हणते, ‘लोन ॲट ओन्ली सेव्हन पर्सेंट फ्लॅट, सर.’ झालं! काका फळ्यापाशी. ५ लाख, ५ वर्षं, व्याज १ लाख ७५ हजार, हप्ता ११,२५०. म्हणजे घटत्या शिलकीवर दर पडला साडेबारा टक्क्यांच्या आसपास. सगळा वर्ग उतरवून घेतो, बाईसुद्धा. (माझ्या मते महिन्याची फी तिथेच वसूल होते.)

मग ब्रह्मास्त्र. ‘मॅडम, इन २००८ टाटा सेड नॅनो वन लाख. यू आर आस्किंग सेव्हन. व्हाय?’ याचं उत्तर तर्खडकरांपासून रॅपिडेक्सपर्यंत कुठेच छापलेलं नाही.

अपघाताचा प्रसंग दिला, की मात्र पंचाईत. समोरच्यानं ‘यू हिट माय कार’ म्हणायचा अवकाश, ‘ओ, इंडिकेटर कोण देणार?’ असं अस्सल मराठी बाहेर पडतं.

काका कार घेणार नसतात, हे सांगायला नकोच. त्यांच्या बोळात ती शिरणारही नाही. पण भाव करताना त्यांना जे इंग्रजी फुटतं, ते स्वतःची ओळख घोकणाऱ्या चार पोरांना मिळून जमत नाही. तेव्हा ‘सेल्समन’ची चिठ्ठी तुमच्या वाट्याला आलीच, तर फ्लोअर मॅट आणि सीट कव्हर फुकट देऊन मोकळे व्हा. काका ॲक्सेसरीजवर आले, की वर्ग वेळेत सुटत नाही.